पहाटे पाचचा कॉल

टाइमटेबल करण्यात माझा हात धरेल असं दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणी नव्हतं. कार्डशीट आणायची, पट्टीनं रेघा मारायच्या, गणिताला निळा, रसायनशास्त्राला नारिंगी, भौतिकशास्त्राला हिरवा असे स्केचपेन वापरायचे आणि वर मधोमध ‘वेळ अमूल्य आहे’ असं वळणदार अक्षरात लिहायचं. या कामात माझे सहज दोन दिवस जायचे. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवर लागायचं. चौथ्या दिवशी मी त्याबरहुकूम वागायची, पाचव्या दिवशी निम्म्यापर्यंत, आणि पुढच्या आठवड्यात मला वाटायचं की चूक टाइमटेबलची आहे, नवं करायला हवं. एफ.वाय.बी.एस्सी.च्या वर्षात अशी अकरा टाइमटेबलं झाली. बारावं करायच्या आधी निकाल लागला, आणि गणित आणि रसायनशास्त्र हे दोन विषय राहिले.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली, शेवटाशेवटाची. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांनी मार्कशीट आधी पुढून वाचली, मग उलटून मागची बाजू पाहिली. तिथं काही बरं छापलं असेल अशी त्यांना आशा असावी. मग म्हणाले, “ऑक्टोबरला परत बसता येतं ना? बस. दोन्ही सुटले तर पुढं शीक, मी न्हाई म्हणणार न्हाई. न्हाई सुटले तर आबा म्हणत्यात तसं.”

आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते कवठे येमाईला शेती बघायचे आणि घरातलं कुठलंही मोठं काम त्यांच्या शब्दाशिवाय व्हायचं नाही. आबा म्हणत होते ते असं, की शिरूरजवळच्या एका कंपनीत परमनंट असलेला मुलगा आहे, घरी बागायत आहे, माणसं चांगली आहेत, आणि पोरीला नापासच व्हायचं असेल तर त्यासाठी कॉलेजात कशाला जायला पाहिजे?

मला लग्नाचा राग नव्हता आणि त्या मुलाचाही नव्हता; त्याला मी पाहिलंच नव्हतं. पण मला प्रयोगशाळा सोडायची नव्हती. ब्युरेटच्या काचनळीतून एकेक थेंब सोडत राहायचं, खालचं पाणी हट्टानं पाण्यासारखंच राहतं, आणि मग एका थेंबाला सगळं गुलाबी होतं. तो गुलाबी रंग बघायला मी कॉलेजला जायची म्हटलं तरी चालेल. तीच गंमत पुस्तकात समीकरण होऊन आली की मला झोप यायची, एवढीच माझी अडचण होती.

दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही सहा माणसं. संध्याकाळी टीव्ही, धाकट्यांची भांडणं, शेजारपाजारच्या बायकांची ये-जा. शांत वेळ म्हणाल तर पहाटेची. आणि पहाटे उठणं मला जन्मात जमलं नव्हतं. गजराचं घड्याळ होतं, पण माझा हात माझ्या आधी जागा व्हायचा आणि ते बंद करून परत पांघरुणात यायचा. आईला उठवायला सांगितलं तर ती येऊन माझी चादर नीट करून जायची. “इतकी गाढ झोपली व्हतीस, उठवायला जीव झाला न्हाई,” असं सकाळी सांगायची, वर दोन घास जास्त वाढायची.

कॉलनीत माणसं वेळेवर उठवण्याचं काम एकाच माणसाकडे होतं आणि ते त्याचं नोकरीचं काम होतं. गाडीच्या दोन तास आधी ड्रायव्हर-गार्डांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, हे कॉलमनचं काम. दाराची कडी वाजवायची, नाव घ्यायचं, गाडी सांगायची आणि कॉलबुकात वेळ घालून सही घ्यायची. सही झाली की माणूस ड्युटीवर लागला. आमच्या भागाला जे कॉलमन होते त्यांना सगळी कॉलनी मामा म्हणायची. खाकी शर्ट, सायकलच्या दांडीला अडकवलेली बॅटरी, अंगानं काटकुळे, आणि आवाज असा की कडी वाजवायची गरज पडू नये. ड्युटी संपवून सातच्या सुमाराला घरी जाताना ते आमच्या पायरीवर बसून बशीत चहा प्यायचे. निकालानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी धीर करून विचारलं.

“मामा, मला पण पाच वाजता कॉल द्याल का?”

“कुठल्या गाडीवर?”

“रसायनशास्त्राच्या.”

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, “कुठून कुठवर?”

“म्हणजे?”

“अगं, ड्रायव्हरला कोण सांगतं का, जा बाबा गाडी घिऊन, जमंल तितकं जा म्हणून? दौंड ते सोलापूर, दौंड ते मनमाड, असं सांगत्यात. तवा तो निघतो. तू पान सांग. ह्या पानापासनं त्या पानापातूर. मग देतो कॉल.”

मी भिंतीवरच्या अकराव्या टाइमटेबलाकडे पाहिलं. त्यात ‘५ ते ७ रसायनशास्त्र’ असं नारिंगी रंगात लिहिलं होतं, कुठून कुठवर ते नव्हतं. पाच ते सात पुस्तकासमोर बसले की माझ्या लेखी काम झालेलं असायचं, मग पान उलटो न उलटो.

सरकारी पुस्तकात माझं नाव घालता येत नाही, हे मामांनी आधीच स्पष्ट केलं. म्हणून मी शंभर पानी वही आणली आणि त्यांनी सांगितले तसे रकाने आखले: तारीख, गाडी, कुठून, कुठवर, कॉलची वेळ, सही, शेरा. रेघा मी या खेपेला एकाच शाईनं मारल्या. आदल्या संध्याकाळी कुठून-कुठवर भरून वही खिडकीच्या गजाला अडकवून ठेवायची आणि सकाळी कुठवर पोचले ते शेऱ्यात लिहायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पाचला खिडकीतून आवाज आला, “चला ताई, रसायन, पान एकतीस ते अडतीस. पाच वाजले.” दिवसा मला ‘ए पोरी’ म्हणणारे मामा कॉल देताना मात्र अहोजाहो करायचे. ड्युटीवर निघालेल्या माणसाला अरेतुरे करायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी ताठ उठून बसले. गजातून हात घालून सही केली, तोंड धुतलं आणि खरोखर अडतिसाव्या पानापर्यंत गेले. असे सहा दिवस गेले. मला वाटलं, सुटले, आता मी हुशार झाले.

सातव्या दिवशी सही करून मी पाच मिनिटं आडवी झाले. जाग आली तेव्हा आई पोळ्या लाटत होती. आठव्या दिवशी तसंच. मग ते अंगवळणीच पडलं. संध्याकाळी मी इमानानं कुठून-कुठवर लिहायची, पाचला उठून सही करायची, मामांची सायकल वळली की पांघरूण ओढायची. मला त्यात काही वावगंही वाटेना. उठले तर होते, सही तर केली होती. कॉलेजात हजेरी देऊन मागच्या दारानं निघून जाणारी मुलं रोज बघत होतेच की.

असे आठ दिवस झाले. नवव्या दिवशी शेजारच्या ड्रायव्हर काकांना साडेपाचचा कॉल होता. माझी सही घेऊन गेलेले मामा अर्ध्या तासानं परत आमच्या ओळीत आले आणि त्यांना आमची खिडकी अंधारी दिसली. आतून घोरणं ऐकू आलं, असं ते पुढे सगळ्यांना सांगायचे. मी घोरत नाही.

त्यांनी मला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉल आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सात वाजता ते पायरीवर चहाला न थांबता पुढे निघाले, तेव्हा मी मागे धावले.

“मामा, कॉल का नाही दिला?”

ते सायकलवरून उतरले. आवाज एरवीच्या निम्म्यानंही नव्हता. “सही करून तू गाडीवर गेली न्हाईस. वहीची मागली पानंबी बघितली मी. शेऱ्यात काय लिवलंच न्हाई नऊ दिस.” मग म्हणाले, “तिकडं इंजन तयार, फलाटावर माणसं हुबी, आन् पुस्तकात सही, की ड्रायव्हर निघालाय. मग दुसऱ्याला कोण बोलवंल? येत न्हाई तर न्हाई म्हणावं, आजारी हाय म्हणावं. तीस वर्सं झाली मला या कामाला. लोकांनी शिव्या दिल्या, एकानं तांब्या फेकून मारला. पर सही करून कुणी झोपलं न्हाई.”

हे आतून वडिलांनी ऐकलं. त्यांनी वही मागितली, उभ्या उभ्या चाळली आणि माझ्याकडे पाहिलं. नापास झाले तेव्हा त्यांनी असं बघितलं नव्हतं.

“नापास झालीस ते मी गिळलं,” ते म्हणाले. “खोटी सही केलीस? मी रोज ब्रेक तपासून सही करतो. त्या एका सहीवर गाडीभर माणसं जात्यात. ह्या घरात खोटी सही?” त्यांनी खुंटीवरचा शर्ट घेतला. “आता ऑक्टोबरबी नको आन् काय नको. आबांना फोन लावतो.”

एसटीडी बूथ कॉलनीच्या कोपऱ्यावरच होता. वडील शर्टाची बटणं लावत पायरी उतरले. आई दारात रडायला लागली. आडवे आले ते मामाच.

“थांबा. रेल्वेत माणसाला असं एकदम काढत्यात व्हय? आदी खुलासा मागत्यात.”

वडील थांबले. आईच्या रडण्यानं ते थांबले नसते, पण नियमाचं नाव निघालं की त्यांना थांबावंच लागायचं. दोघांनी मला लेखी खुलासा द्यायला सांगितला आणि स्वतः पायरीवर चहा पीत बसले.

मी फुलस्केप घेऊन दीड पान भरलं. डास होते, धाकट्या बहिणीला खोकला होता, दिवा लावला की इतरांची झोपमोड व्हायची, रसायनशास्त्राचं पुस्तक फार अवघड भाषेत आहे. मामांनी ते वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. “हे समदेच लिवत्यात खुलाशात. काय झालं ते लिवू नको. तू काय केलंस ते लिव.”

मग मी दुसऱ्या कागदावर लिहिलं: मी सही केली आणि झोपले. नऊ दिवस.

मामांनी मला लाल पेन आणायला सांगितलं आणि वहीत त्या नऊही तारखांपुढे शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच हातानं ‘गैरहजर’ असं लिहायला लावलं. दोन-तीनदा लिहून झाल्यावर मला रडू यायला लागलं. इतकी लाज मला निकालाच्या दिवशी वाटली नव्हती. निकाल काय, पेपर अवघड होता म्हणता आलं होतं. इथं कुणावर ढकलायला काही जागाच नव्हती. नऊ झाल्यावर मामांनी वही वडिलांपुढे धरली आणि वडिलांनी एकेक लाल शेरा वाचून होकारार्थी मान हलवली. मला कामावर परत घेतलं गेलं.

“आता एक बदल,” मामा म्हणाले. “उठल्यावर सही न्हाई. पयलं गणित सुटलं की सही. तवर मी खिडकीत हुबा.”

दुसऱ्या दिवशी पाचला ते सायकल भिंतीला टेकवून खिडकीत उभे राहिले. मला पेन सापडेना. पेन सापडलं तर पान सापडेना. “सावकाश,” ते बाहेरून म्हणाले, “अजून चारच घरं राहिल्यात.” म्हणजे मी घोळ घालत बसले तर चार घरची माणसं उशिरा उठणार आणि चार गाड्यांचा खोळंबा माझ्या माथी. मी धडपडत प्रकरणातलं सगळ्यात सोपं गणित काढलं आणि सोडवलं. तीनएक मिनिटं लागली असतील. मामांनी ते बरोबर आहे की चूक ते पाहिलं नाही, ते त्यांचं काम नव्हतं. वही पुढे केली, सही घेतली आणि गेले.

गंमत अशी झाली की एक गणित सुटल्यावर झोपायला जीव होईना. दुसरं त्याच्याच जातीचं होतं, तेही केलं. मग तिसऱ्यात जरा वेगळं काही होतं, ते कसं असेल म्हणून बघितलं. उजाडलं तेव्हा माझी सात गणितं झाली होती आणि मला सपाटून भूक लागली होती. तोवर माझी अशी समजूत होती की आधी मन लागतं, मग अभ्यास होतो, आणि मन लागावं म्हणून तर मी ती रंगीत टाइमटेबलं करत होते. मन बिचारं पहिल्या गणितानंतर येणारं निघालं. त्याची वाट बघत मी वर्ष घालवलं होतं.

रसायनशास्त्राच्या दिवशी पहिलं गणित नसे, तेव्हा पहिलं समीकरण न बघता लिहायचं असा नियम आम्ही केला. एकदा मी तीन पानं आधीच थांबले आणि शेऱ्यात ‘उशीर. कारण: समजलं नाही’ असं खरं खरं लिहिलं. सातला चहा पिताना मामांनी विचारलं, “कुठं आडकली?”

“पान बावन्नला. दोन दिवस झाले, डोक्यात शिरत नाही. सोडून पुढं जाऊ का?”

“ठेसनाबाहीर आउटर सिग्नलला गाडी हुबी ऱ्हायली म्हणून ड्रायव्हर घरी निघून येतो का? हुबा ऱ्हातो. शिट्टी मारतो. कुणाला तरी कळवतो, की बाबा मी हितं हाय.”

शिट्टी मारायची म्हणजे कॉलेजात सरांना जाऊन विचारायचं, हे मला उमगलं. वर्षभरात मी एकदाही स्टाफरूमची पायरी चढले नव्हते. मागच्या बाकावरची, दोन विषय राहिलेली मुलगी. सर काय म्हणतील? सर म्हणाले, “बसा.” आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर दहा मिनिटांत त्यांनी पान बावन्न मला असं समजावलं की मी मनातल्या मनात वर्षभराचा हिशेब करून चडफडले. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे इतक्यांदा गेले की एकदा त्यांनीच पाकीट तयार ठेवलं होतं.

एव्हाना सगळ्या कॉलनीला माझी गाडी माहीत झाली होती. नळावरच्या बायका विचारायच्या, “आज कुठवर?” मी म्हणायची, “पान ऐंशी.” त्यातली एक म्हणायची, “कालबी ऐंशीच म्हणाली व्हतीस.” अशानं पळ काढायची सोयच राहिली नाही. दूधवाला रतीब घालताना खिडकीकडे बघून जायचा. आईनंही धोरण बदललं. चादर नीट करायला येणारी आई आता पाचला स्टोव्ह पेटवून चहा ठेवायची आणि कपबशी वहीवर ठेवून डाग पाडायची.

एकदा तर कहरच झाला. मामांनी माझी वही गजावरून आधीच काढून घेतली होती, त्यामुळे त्यांच्या काखेत दोन्ही पुस्तकं होती, सरकारी आणि माझं. शेजारच्या ड्रायव्हर काकांना मालगाडीचा कॉल होता. काका अर्धवट झोपेत दारात आले, मामांनी पुढे केलेल्या वहीत सही ठोकली आणि आंघोळीला गेले. मामा माझ्या खिडकीशी येऊन वही उघडतात तो काय, ‘गणित, प्रकरण तीन, पहिल्यापासून शेवटपर्यंत’ या ओळीपुढे काकांची झोकदार सही. मामा तसेच परत पळाले आणि आंघोळ करणाऱ्या माणसाची सरकारी सही न्हाणीघराच्या दारातून घेतली. संध्याकाळी काका मुद्दाम आमच्याकडे आले. चेहरा गंभीर.

“प्रकरण तीन झालं का?”

“दोन गणितं राहिलीत,” मी म्हटलं.

“मग बस आन् कर. माझी सही हाय त्याच्यावर. उद्या मला जाब इचारला तर?”

ती दोन गणितं मी त्यांच्यासमोर बसून सोडवली. काकांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण उत्तर आल्यावर त्यांनी समाधानानं सुपारी कातरली.

मामांच्या सुट्टीच्या दिवशी मलाही सुट्टी असायची. त्या दिवशी मी मनसोक्त झोपायची, आणि खरं सांगायचं तर त्या झोपेइतकी गोड झोप मला आधी कधी लागली नव्हती. ऑक्टोबरात परीक्षा झाली. गणिताचा पेपर लिहिताना ओळखीची गणितं बघून मी दोनदा हसले, पर्यवेक्षकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. रसायनशास्त्रात एक मोठा प्रश्न असा आला की त्या पानापर्यंत मी पोचलेच नव्हते. तो मी कोरा सोडला.

दिवाळी चार दिवसांवर असताना आबा आले. शिरूरवरून एसटीनं, खांद्यावर बाजरीची पिशवी, हातात मेथीच्या जुड्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सरळ विषय काढला.

“शिरूरच्या त्या लोकांचा निरोप हाय. लक्ष्मीपूजनापातूर व्हय का न्हाई ते सांगा म्हणत्यात. दुसरं ठिकाण आलंय त्यांना.”

“मी पोरीला शब्द दिलाय,” वडील म्हणाले. “निकालापातूर थांबायचा. निकाल डिसेंबरात.”

“तवर ते थांबत न्हाईत. आन् निकालात काय निघंल ते आत्ता कोण सांगंल?” मग आबा माझ्याकडे वळले. “तूच सांग. सुटत्यात का दोन्ही?”

हो म्हणायचं होतं मला. एका शब्दाचं काम होतं, आणि त्या शब्दावर माझं पुढचं सगळं अडलेलं. आई आतल्या दारातून मला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. पण गेल्या तीन महिन्यांत कुठून-कुठवर लिहायची सवय लागली होती ना.

“गणित सुटतंय,” मी म्हटलं. “रसायनाचं सांगता येत नाही. एक प्रश्न कोरा सोडलाय.”

आबांनी ‘हं’ केलं. आईनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, झालं, गेलं सगळं.

वडील उठले. त्यांनी ट्रंक उघडली, आपल्या नोकरीचे कागद ठेवायच्या पिशवीतून माझी वही काढली आणि आबांच्या मांडीवर ठेवली. वही त्यांनी तिथं कधी ठेवली ते मला माहीतही नव्हतं. “हे बघा आबा. रोज पाटं पाचला. हे कुठून, हे कुठवर, ही सही.”

आबा चौथीपर्यंत शिकलेले, त्यापुढे ते मेंढरांमागे गेले होते. त्यांनी चष्मा लावला आणि बोटानं एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. चहाचे डाग बघितले, ड्रायव्हर काकांची सही बघितली, काही विचारलं नाही. मग पहिल्या पानांकडे परतले आणि त्यांचं बोट लाल शाईवर थांबलं.

“हे तांबडं काय?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

“मी सही करून झोपले होते,” मी म्हटलं. “नऊ दिवस.”

“कुणी धरलं?”

“मामांनी. पण लिहिलंय मीच.”

आबांनी चष्मा काढला. वही मिटून मांडीवर तशीच धरून ठेवली आणि वडिलांकडे बघून बोलायला लागले. “तू ल्हान व्हतास, तुला नसंल आठवत. आपुन मेंढरं घिऊन कोकणात उतरायचो. चार घरांची मेंढरं एका तळावर. सांजच्याला ज्याचं त्यानं सांगायचं, किती आली. एक गडी रोज सांगायचा, समदी आली, समदी आली. त्याची आमी रोज मोजायचो. आन् आपला बा एकदा येऊन बोलला, दोन गेली, माझा डोळा लागला व्हता. त्या दिसापासनं त्याची मेंढरं पुन्यांदा कुणी मोजली न्हाईत.”

वडिलांनी एवढंच विचारलं, “मग त्या लोकांना काय कळवायचं?”

“मी जातो की शिरूरला, मी सांगतो,” आबा म्हणाले आणि वही माझ्या हातात दिली. “सांगतो, पोरगी कामावर हाय.”

निकाल पुढे डिसेंबरात लागला. दोन्ही विषय सुटले, रसायन अगदी काठावर. पण आबा आले होते त्या दुपारी निकालाची वाट बघायला आमच्या घरात कुणी थांबलं नाही. आबांचं बोलणं पुरतं संपायच्या आतच आईनं पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजत टाकली होती.